सेप्टिक टँक आणि शोषचर: माती तपासण्यापासून उपशापर्यंत

सेप्टिक टँक तुंबली की "टाकी भरली, गाडी बोलवा" असे म्हणायची पद्धत आहे. पण चालू टाकी कायम भरलेलीच असते. वापर सुरू झाला की थोड्याच दिवसांत पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीला येते आणि मग घरातून जेवढे आत येईल तेवढेच बाहेर पडते. तुंबते ते बहुतेक वेळा टाकीच्या पुढे, जमिनीत. अशा वेळी २,००० लिटरची टाकी उपसली आणि घरातून रोज ५०० लिटर पाणी येत असेल, तर आराम चार दिवसांचा. पाचव्या दिवशी पुन्हा तीच तक्रार.

म्हणून बांधकामाचा क्रम उलटा धरा. आधी माती, मग शोषचराची (टाकीतून निघालेले पाणी जमिनीत मुरवणाऱ्या, खडी भरलेल्या चराची) जागा आणि लांबी, आणि शेवटी टाकी.

टाकी काय करते आणि काय करत नाही

टाकीत जड मैला तळाला बसून गाळ होतो, तेलकट आणि हलकी घाण वर तवंग धरते आणि मधले पाणी बाहेर जाते. हे पाणी बऱ्यापैकी नितळ दिसते, पण सेंद्रिय घाण निम्मी किंवा त्याहून जास्त त्यात तशीच असते आणि रोगजंतूंचे प्रमाण फारसे कमी झालेले नसते. उरलेली सफाई माती करते, तीही फक्त हवा खेळणारी, पाण्याने न भरलेली माती. तिथले जीवाणू घाण खातात, कणांवर रोगजंतू अडकून मरतात. त्यासाठी चराच्या तळापासून भूजलापर्यंत किंवा खडकापर्यंत किमान ०.९ ते १.२ मीटर अशी माती हवी, आणि हे माप भर पावसाळ्यातल्या भूजल पातळीपासून धरायचे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी कुठे आहे यावर जाऊ नका.

खड्डा घेऊन माती वाचणे

चराच्या जागी सुमारे २ मीटर खोल खड्डा घ्या. कडा उतरत्या ठेवा, कारण उभ्या कडा ढासळतात. १.२ मीटरपेक्षा खोल उभ्या खड्ड्यात कोणालाही उतरवू नका. वरून खाली माती कुठे बदलते ते मोजून लिहून ठेवा. सगळ्यात महत्त्वाची खूण रंगाची. एकसारखी तांबूस किंवा तपकिरी माती म्हणजे तिथे हवा पोचते. राखाडी मातीत गंजासारखे तांबडे ठिपके दिसू लागले, तर वर्षातले बरेच दिवस पाणी त्या खोलीपर्यंत चढते. खड्डा मे महिन्यात ठणठणीत कोरडा असला तरी ती खूण तशीच राहते. भूजलाची वरची पातळी तिथेच धरा.

पोत हाताने कळतो. मूठभर माती ओली करून कणकेसारखी मळा आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबत तिची फीत बाहेर काढा. फीत होतच नसेल तर माती वाळूसर. २.५ सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयटा. ५ सेंटिमीटरपर्यंत टिकली तर चिकण पोयटा. त्याहून लांब, गुळगुळीत फीत निघाली तर चिकणमाती, आणि तिथे साध्या चरावर विसंबता येणार नाही.

मातीचे प्रकार आणि त्यांच्या खोड्या:

काळी, भेगाळणारी माती सगळ्यात फसवी. तिच्यातली चिकण खनिजे पाणी लागले की फुगतात आणि वाळली की आकसतात. उन्हाळ्यात चाचणी घेतली तर पाणी भेगांतून झरझर उतरते आणि जमीन उत्तम वाटते. पावसाळ्यात त्याच भेगा मिटतात आणि पाणी हलत नाही. वर कोरड्या दिवसांत भेगांतून सांडपाणी न गाळता सरळ खाली जाते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. याच फुगण्याने टाकीच्या भिंतींनाही तडे जातात. अशा मातीत टाकीचा खड्डा चारही बाजूंनी २०-३० सेंटिमीटर मोठा घ्या आणि ती पोकळी मुरमाने किंवा वाळूने भरा.

मऊ मुरूम बहुधा चांगला साथ देतो. मात्र एकाच आवारात दहा पावलांवर तो कडक होतो, म्हणून एका खड्ड्यावरून निर्णय नको. जांभ्यात पोकळ नळ्या असतात. पाणी इतक्या लवकर जाते की मालक खूश होतो, पण ते गाळले न जाता बाजूच्या विहिरीत उतरू शकते. भरड वाळूचेही तेच, आणि वाळूच्या जमिनीत भूजल बहुधा उथळ असते. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत पोत चांगला असला तरी पुराचे पाणी आणि उथळ भूजल या दोन गोष्टी पाहाव्या लागतात. भराव टाकलेल्या जागेवर चर घेऊच नका. भराव खचतो, पाइपाची पातळी जाते आणि मग सगळे पाणी एकाच टोकाला साचते.

भेगाळ खडक उथळ असेल तर विहिरीपासूनच्या अंतरावर भरवसा ठेवू नये, कारण भेगेतून पाणी किती लांब आणि कुठल्या दिशेने जाईल हे वरून सांगता येत नाही. एरवी पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर चरापासून निदान ३० मीटर दूर आणि उताराच्या वरच्या बाजूला असावी. निरनिराळ्या नियमावल्यांत १५ मीटरपासून पुढचे आकडे सापडतात. तुमच्याकडे लागू असलेला नियम आणि ३० मीटर यांपैकी जास्त असेल ते धरा.

पाणी मुरण्याची चाचणी

चराच्या जागेत तीन ठिकाणी करा, चराचा तळ जिथे येणार त्याच खोलीवर. वरच्या सुपीक थरात केलेल्या चाचणीचा काही उपयोग नाही.

१. १५ ते ३० सेंटिमीटर रुंद भोक घ्या. पहारीने किंवा फावड्याने गुळगुळीत झालेल्या कडा खिळ्याने ओरखडा, सुटी माती काढा आणि तळाला ५ सेंटिमीटर बारीक खडी टाका, म्हणजे पाणी ओतताना तळ ढवळला जात नाही.

२. खडीच्या वर ३० सेंटिमीटर पाणी भरा आणि ती पातळी किमान चार तास टिकवा. त्यानंतर रात्रभर भिजू द्या. काळ्या किंवा चिकण मातीत पूर्ण २४ तास पाणी राखा. हीच पायरी लोक गाळतात आणि मग आकडा खोटा येतो. कोरडी माती आधी पाणी पिते. आपल्याला हवा आहे तो ओल्या, फुगलेल्या मातीचा वेग.

३. दुसऱ्या दिवशी पाणी खडीच्या वर १५ सेंटिमीटरवर आणा. भोकावर आडवी फळी ठेवून तिथून पट्टीने पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. दर ३० मिनिटांनी किती उतरले ते लिहा आणि पाणी पुन्हा १५ सेंटिमीटरवर आणा. असे चार तास. वाळूत पाणी लवकर संपते, तिथे दर १० मिनिटांनी मोजून एका तासात आटोपा.

४. शेवटच्या वेळचा आकडाच धरायचा. ३० मिनिटांत ३ सेंटिमीटर उतरले असेल तर २.५ सेंटिमीटरला २५ मिनिटे लागली. हा तुमचा मुरण्याचा वेळ. तीन भोकांचे आकडे एकमेकांपासून फार वेगळे आले तर सरासरी काढू नका. जागा बदला किंवा सगळ्यात संथ आकडा धरा.

चराची लांबी किती

जुन्या हिशेबात २०४ या संख्येला मिनिटांच्या वर्गमुळाने भागतात. उत्तर येते ते दर चौरस मीटरला रोज किती लिटर मुरेल याचे. २५ मिनिटांना ते सुमारे ४१ लिटर येते. हा आकडा स्वच्छ पाण्याच्या चाचणीवर बेतलेला आहे, म्हणून तो सढळ पडतो. प्रत्यक्षात सांडपाणी जिथे मातीला टेकते तिथे काही महिन्यांत काळा, बुळबुळीत जीवाणूंचा थर धरतो आणि मग मातीचा नव्हे, त्या थराचा वेग चालतो. वर्षानुवर्षे टिकायचे असेल तर हे आकडे वापरा:

मुरण्याचा वेळ १ ते ५ मिनिटे (भरड ते मध्यम वाळू): रोज ४९ लिटर प्रति चौ.मी.
६ ते १५ मिनिटे (बारीक वाळू): ३३ लिटर
१६ ते ३० मिनिटे (वाळूसर पोयटा, पोयटा): २४ लिटर
३१ ते ६० मिनिटे (जड पोयटा): १८ लिटर
६१ ते १२० मिनिटे (चिकण पोयटा): ८ लिटर

एका मिनिटाच्या आत उतरले तर ती माती गाळतच नाही. तिथे चराच्या तळाशी मध्यम वाळूचा किमान ६० सेंटिमीटर थर द्यावा लागतो.

पाच माणसे, माणशी १०० लिटर, म्हणजे रोज ५०० लिटर. २५ मिनिटांच्या मातीत ५०० भागिले २४, म्हणजे सुमारे २१ चौरस मीटर. चर ६० सेंटिमीटर रुंद असेल तर ३५ मीटर लांबी, म्हणजे साधारण १८ मीटरचे दोन चर. फक्त तळाचे क्षेत्रफळ धरले आहे. बाजूंना मुरते ती शिल्लक समजा. याच घराला चिकण पोयट्यात १०० मीटरहून जास्त चर लागेल. बहुतेक आवारांत एवढी जागा नसते, आणि त्यामुळेच मातीचा आकडा घराचा नकाशा पक्का होण्याआधी हातात हवा.

चराऐवजी एकच खोल शोषखड्डा घ्यायची सवय जुनी आहे. जागा वाचते हे खरे. पण खड्डा खोल गेला की भूजलाजवळ जातो आणि सगळा भार थोड्याशा मातीवर पडतो. मुरण्याचा वेळ ३० मिनिटांपेक्षा जास्त असेल तर शोषखड्डा करू नये.

चर खणताना

चर समपातळी रेषेवर, उताराला आडवे घ्या. रुंदी ३० ते ९० सेंटिमीटर, खोली ५० ते १०० सेंटिमीटर. उथळ असलेले बरे, कारण वरच्या मातीत हवा जास्त. एका चराची लांबी ३० मीटरच्या आत ठेवा आणि दोन चरांमध्ये २ मीटर अंतर सोडा. तळाला १५ सेंटिमीटर धुतलेली खडी (२० ते ६० मिलिमीटर), त्यावर १०० मिलिमीटरचा भोके असलेला पाइप, भोके खाली करून, आणि पाइपाच्या वर ५ सेंटिमीटर खडी. त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे) कापड, मग माती. कापड टाकले नाही तर वरची माती खडीत उतरते. माती जमिनीच्या वर १५ सेंटिमीटर उंचवटा करून भरा. पुढे ती बसते, आणि उंचवटा नसेल तर तिथे पाण्याचे डबके होते.

पाइपाला उतार जवळजवळ नसतोच, ४०० ला १ पुरे. नळाच्या सवयीने गवंडी जास्त उतार देतात आणि मग सगळे पाणी शेवटच्या दोन मीटरवर पडते. टाकीनंतर वाटप चेंबर (सगळ्या चरांत पाणी सारखे वाटणारी छोटी पेटी) ठेवा आणि त्याची सगळी तोंडे पाणसळीने एका पातळीत आणा. एक तोंड एक सेंटिमीटर खाली राहिले तरी बहुतेक पाणी त्याच चरात जाते.

ओल्या चिकण मातीत खणू नका. जेसीबीच्या बकेटचा किंवा फावड्याचा घासा बसून भिंतींवर लिंपल्यासारखा थर येतो आणि छिद्रे बंद होतात. मातीची सुरळी वळता येत असेल तर थांबा. ती भुगा होऊन तुटायला लागली की काम सुरू करा. तरीही कडा चकाकताना दिसल्या तर पंजाने ओरखडून घ्या. चरावरून ट्रॅक्टर, जेसीबी, पाण्याचा टँकर काहीही फिरता कामा नये, बांधकामाच्या दिवसांतही.

माती साथ देत नसेल तर

भूजल किंवा खडक उथळ असेल तर जमिनीवर ६० सेंटिमीटर स्वच्छ मध्यम वाळूचा ढिगारा रचून त्याच्या वर खडी आणि पाइप बसवतात. पाणी पंपाने थोडे थोडे सोडावे लागते, म्हणजे वीज आणि पंपाची देखभाल आलीच. काळ्या जड मातीत दुसरा चांगला मार्ग म्हणजे टाकीनंतर खडीचा वनस्पती गाळा, म्हणजे झाडे लावलेला, पाणी गाळणारा हौद. तळाला पाणी न गळणारे अस्तर, ६० सेंटिमीटर खडी, त्यात कर्दळ किंवा पाणकणीस, आणि पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली ५-१० सेंटिमीटरवर. पाणी उघडे दिसू लागले की डास झालेच. या गाळ्यातून निघणारे पाणी बरेच सुधारलेले असते, पण पिण्याचे किंवा कच्च्या खाण्याच्या भाजीपाल्याचे नसते.

टाकीची मापे

पाच माणसांच्या घराला आतून २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि १.२ मीटर पाण्याची खोली ठेवा, म्हणजे सुमारे २,१६० लिटर, आणि वर ३० सेंटिमीटर मोकळे. दोन कप्पे हवेत, पहिला दोन तृतीयांश. आत येणारा पाइप बाहेर जाणाऱ्या पाइपापेक्षा ५ ते ७.५ सेंटिमीटर वर. दोन्ही तोंडांना टी (इंग्रजी T च्या आकाराचा पाइपाचा जोड) बसवा. आत येणाऱ्या पाइपाचा टी पाण्यात ३० सेंटिमीटर बुडवा आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाचा पाण्याच्या खोलीच्या ३०-४० टक्के. बाहेरचा टी निखळला की तवंग सरळ चरात जातो, आणि तवंगाने भरलेला चर दुरुस्त होत नाही. दोन्ही कप्प्यांवर उघडता येणारी झाकणे जमिनीच्या पातळीवर आणा. मातीखाली गाडलेले झाकण शेवटी कोणी उघडत नाही. टाकीतला वायू बाहेर सोडणाऱ्या गॅस पाइपाला डासांची जाळी लावा.

टाकीला तळ नसणे किंवा तो मुद्दाम मोकळा सोडणे हा प्रकार सर्रास चालतो. ती सेप्टिक टँक नव्हे, भूजलाला लागलेला उघडा खड्डा आहे.

उपसा: वर्षांवर नव्हे, गाळावर

माणशी वर्षाला ३० ते ४० लिटर गाळ साचतो. वर मापे दिलेली टाकी पाच माणसे वापरत असतील तर दोन-तीन वर्षांनी उपसा येतो, पण मोजून ठरवा. लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून बाहेरच्या टीजवळ तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटांनी सावकाश वर काढा. काळे झालेले अंतर म्हणजे गाळाची जाडी. गाळाचा वरचा थर टीच्या तोंडापासून ३० सेंटिमीटरच्या आत आला, किंवा तवंगाची खालची कड ७.५ सेंटिमीटरच्या आत आली, की गाडी बोलवा. गाळ आणि तवंग मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाले तरी तेच.

गाडीवाल्याकडून काय करून घ्यायचे ते आधी ठरवा. दोन्ही कप्पे झाकणांतून उपसायला सांगा, गॅस पाइपातून किंवा फक्त वरचे पाणी ओढून नव्हे. तळाचा गाळ घट्ट असतो. तो उरलेल्या पाण्यात ढवळून सैल केल्याशिवाय निघत नाही. टाकी घासून धुवायची गरज नाही, थोडा गाळ राहिला तर चालतो. मैला कुठे नेणार हे विचारा. ओढ्यात किंवा शेतात सोडणार असेल तर तो तुमच्याच पाण्यात परत येतो. टाकी रिकामी असतानाच टी, मधली भिंत आणि तडे वरून टॉर्चने पाहा.

माणूस टाकीत उतरवायचा नाही, एक मिनिटही नाही. मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त झाला की वास येणेच बंद होते. म्हणून "वास नाही, चालेल" हा अंदाज जीव घेतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. काडी पेटवून आत बघू नका, पेट घेणारा मिथेन वायू असतो.

भर पावसात, जमीन पाण्याने भरलेली असताना टाकी पूर्ण रिकामी करू नका. २,००० लिटरची प्लास्टिकची टाकी रिकामी असेल आणि बाहेर पाणी गळ्यापर्यंत असेल तर तिला खालून जवळजवळ दोन टनांचा जोर लागतो. ती पाइप मोडत वर येते. बसवतानाच काँक्रीटच्या तळाला पट्ट्यांनी बांधलेली असेल तर गोष्ट वेगळी. उपसा झाला की लगेच साध्या पाण्याने भरून घ्या.

टाकीत घालायच्या पावडरींनी उपसा टळत नाही. लागणारे जीवाणू मैल्यातूनच येतात. उलट ॲसिड, फिनाईल सढळ हाताने ओतले तर ते मरतात. स्वयंपाकघराचे पाणी आधी तेल अडवणाऱ्या चेंबरमधून न्या.

तुंबले तर कुठे शोधायचे

झाकण उघडून पातळी पाहा. पाणी बाहेरच्या पाइपाच्या बरोबरीला असेल आणि घरात तुंबत असेल, तर अडथळा घर आणि टाकी यांच्यामध्ये. पातळी पाइपाच्या खाली असेल तर टाकी गळते. पाइपाच्या वर असेल तर अडचण पुढे, चरात. उपसा चालू असताना चराकडून पाणी टाकीत उलट वाहत आले, तर चर भरल्याची खात्रीच समजा.

चर भरलेला निघाला तरी खणायला घेण्याआधी पाणी कुठून जास्त येते ते पाहा. गळणारा फ्लश तासाला २० लिटर सोडत असेल तर दिवसाला ४८० लिटर, म्हणजे घरात दुसरे कुटुंब राहायला आल्यासारखे. छताचे पाणी त्याच चेंबरला जोडलेले असेल तर १०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५,००० लिटर आत येतात, घराचे दहा दिवसांचे पाणी एका दुपारी. आधी हे तोडा.

मग चर पाळीपाळीने वापरा. वाटप चेंबरमधून एक चर बंद करून सहा महिने ते वर्षभर कोरडा ठेवला तर तो काळा थर वाळतो, कुजतो आणि माती बरीच मोकळी होते. त्या काळात सगळा भार दुसऱ्या चरावर येतो, म्हणून तो एकटा पुरेल एवढा लांब हवा. तसा नसेल तर बाजूला तिसरा घ्या. तेल किंवा गाळ खडीत शिरलेला असेल तर विश्रांतीने काही होत नाही. अशा वेळी नवा चर जुन्या दोन चरांच्या मधल्या, न वापरलेल्या मातीत काढा, आणि खणण्याआधी त्या जागी मुरण्याची चाचणी पुन्हा घ्या.